गेटवरून न गेलेला फोन

माझी पोस्टिंग म्यानमारच्या सीमेवर होती. चौकीत आम्ही नऊ जण. गेट म्हणजे रस्त्यावर आडवा बांबू. पलीकडे तीस पावलांवर सीमेचा खांब. तो एका आदिवासी गावाच्या मधोमध पुरला होता. काहींचं घर पलीकडे होतं, शेत अलीकडे. ये-जा करायला त्यांना पास लागे. पास तपासून रजिस्टरमध्ये नोंद करणं हे माझं काम. मी हवालदार, फुलंब्रीचा. पेटीत कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त, म्हणून लान्स नाईक बिरू मला मास्तर म्हणायचा.

बिरू पैठण तालुक्यातला, मेंढपाळाच्या घरचा. जायकवाडीचं पाणी चढलं तेव्हा त्याचं गाव बुडालं. तो तेव्हा अंगावर पीत होता. त्याच्या कागदपत्रांवर मात्र तेच गाव राहिलं. "आमच्या घरात आता मासं ऱ्हातात," असं तो नव्या माणसाला सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

त्या आठवड्यात इशारा आला होता. गावकऱ्यांच्या वेशात हत्यारबंद माणसं येतील. पास बंद झाले. वरच्या टेकडीवर आमच्याच प्लाटूनची एलएमजी, हलकी मशीनगन, लागली. तीन दिवस कोणी नीट झोपलं नाही. झुडूप हललं तरी सेफ्टी कॅच सरकल्याचा आवाज यायचा. मला शत्रूइतकीच आमच्या बोटांची भीती वाटत होती.

चौथ्या दिवशी १११० वाजता पलीकडून एक म्हातारा आला. खांद्यावर ठासणीची बंदूक. बिरूने त्याला हात वर करायला लावले. गावातल्या शाळेचा शिक्षक दुभाष्या म्हणून धावत आला. म्हाताऱ्याची बहीण अलीकडच्या घरात वारली होती. भावाने खड्ड्याशी एक बार काढल्याशिवाय तिला मातीत ठेवत नाहीत. प्रेत कालपासून घरात होतं.

"कोणत्या देशाचा?" मी विचारलं.

म्हाताऱ्याने गावाचं नाव सांगितलं.

"देश विचारा."

शिक्षकाने विचारलं. उत्तर पुन्हा तेच गाव.

"परत पाठवा," मी म्हणालो.

बिरू जवळ आला. "मास्तर, माझा आजा असाच उभा ऱ्हायचा. गोदावरीच्या अल्याड निजाम, पल्याड इंग्रज. मेंढरं पल्याड न्यायची तर करोडगिरीच्या, म्हंजी जकातीच्या, नाक्यावर हात जोडायचे. पोलीस ॲक्शन झाली, नाका उठला. तरी आजा तिथं आला की लई वर्षं उगंच थांबायचा."

"ऑर्डर आहे, बिरू."

"व्हय. मंग दुसरी ऑर्डर मागा की. बहिणीच्या मातीला आलाय, लढायाला नाय."

मी रेडिओ उचलला. कंपनी मुख्यालयाला सांगितलं, एक वृद्ध, अंत्यविधीसाठी, ठासणीची बंदूक एस्कॉर्टच्या ताब्यात. बराच वेळ फक्त खरखर.

"परवानगी. एस्कॉर्ट एक. १५०० पर्यंत परत. आउट."

बिरूने बंदूक स्वतःच्या खांद्याला अडकवली. "चला, मामा," तो म्हाताऱ्याला मराठीतच म्हणाला.

चालीरीती टिपून ठेवायची मला सवय होती. मी माझ्या वहीत लिहिलं, 'भाऊ खड्ड्याशी एक बार काढतो.' अक्षर नेहमीसारखं नीट आलं. वरच्या टेकडीचा फील्ड फोन वहीशेजारीच होता. बार होणार आहे हे मला माहीत होतं, बिरूला माहीत होतं. टेकडीवर कोणालाही माहीत नव्हतं. माझं लक्ष रस्त्याकडे होतं. फोन करायचा राहिला.

१४२० वाजता बार झाला. झाडांवर काळा धूर चढला. माझा हात फोनकडे गेला. रिसीव्हर कानाला लागण्याआधी टेकडीवरून एलएमजीचा एक बर्स्ट आला. मग शांतता.

मी धावत गेलो. १४२६ ला पोहोचलो. शिक्षकाने सांगितलं, बार होताच टेकडीवर हालचाल दिसली, तसा बिरू दोन्ही हात वर करून म्हाताऱ्यासमोर उभा राहिला. म्हाताऱ्याला ओरखडाही नव्हता. बिरूचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. मी नाडी पाहिली. लागली नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, टेकडीला कळवलं होतं का?

"नाही, सर."

बिरूला घेऊन मीच पैठणला गेलो. तार बुडालेल्या गावाच्या नावाने गेली होती. पैठणच्या पोस्टमनने नवी वस्ती शोधून ती पोचवली. धरणाच्या काठी बंदुकांची सलामी झाली. पहिल्या फैरीला मी दचकलो. बाकी कोणी नाही.

नंतर बिरूच्या वडलांनी मला बाजूला बसवलं.

"त्यो म्हातारा बहिणीपशी पोचला का?"

"पोचला."

"माती दिली त्यानं?"

"दिली. संध्याकाळी."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले, आणि पाण्याकडे बघत राहिले.

फोनचं त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. पुढेही दरवर्षी छत्रपती संभाजीनगरहून एसटीने त्यांच्याकडे जात राहिलो आणि न सांगताच परत आलो. गेल्या वर्षी तेही गेले. लान्स नाईक बिरूच्या माणसांपैकी आता कोणी राहिलेलं नाही, म्हणून इथं लिहितो. तो गेटवरून निघाल्यापासून बार होईपर्यंत फोन माझ्या हाताशी होता.