पाठीची कमान

समोरच्या भिंतीवर मांजर झोपेतून उठलं, पुढचे पाय ताणले आणि पाठीची अशी सुरेख कमान केली, की कमरेला पट्टा आवळून खिडकीत बसलेल्या मला त्याचा हेवाच वाटला.

अशी कमान मलाही यायची, फक्त उलटी. लहानपणी तालमीत मी मागे वाकून टाचांना हात लावायचो, तेव्हा वस्ताद म्हणायचे, "हाडं आहेत का रे तुला?" त्या एका वाक्यावर मी पुढचं सगळं आयुष्य काढलं आणि साठीला टेकल्यावर सोसायटीच्या स्नेहसंमेलनात तीच कमान करून दाखवायला गेलो. टाळ्या पडल्या. मीही पडलो.

आता डॉक्टर म्हणतात, दोन मणके स्क्रूनं जोडून टाकू. दुखणं बरंच कमी होईल, पण तिथून पुन्हा वाकता येणार नाही. तेव्हापासून मी नुसता विचार करतोय. माणूस मोडकी सायकलसुद्धा माळ्यावर जपून ठेवतो. ही तर माझी पाठ.

"कमान जाईल गं," मी बायकोला म्हणालो.

ती माझ्या पायाशी बसून मला मोजे चढवत होती. "अहो, कमान कुठली घेऊन बसलात? मोज्यापर्यंत तरी हात पोचतो का तुमचा?"

खरंच, जिला वाचवायला मी इतके दिवस कळवळत होतो, ती केव्हाच गेली होती. मी डॉक्टरांना फोन करून ऑपरेशनची तारीख घेतली. फोन ठेवला तेव्हा डोळे भरून आले होते.

"दुखतंय का हो?" बायकोनं विचारलं.

"हो," म्हणालो. खरं तर त्या क्षणी पाठ अजिबात दुखत नव्हती.