बाबांच्या रेडिओची खरखर

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाले, खालापूरकडच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. मला जे येतं ते माझ्या कष्टाने आलंय, हे सांगायला मी कधी लाजले नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

पोशीरजवळ आमचं भाताचं शेत. कापणीच्या दिवसांत बाबा जुना ट्रान्झिस्टर बांधावरच्या खुंटाला अडकवायचे. बातम्या झाल्या की काटा दोन केंद्रांच्या मधे, जिथं काहीच लागत नाही तिथं आणून ठेवायचे. नुसती खरखर. मधूनच ‘कड्’ असा आवाज. तो अधूनमधून आला तर कापणी चालू. भराभर यायला लागला की बाबा विळा टाकून ओरडायचे, “उचला रं, पाऊस येतोय!” वर आकाश स्वच्छ असलं तरी. कापलेलं भात आम्ही दोन दिवस शेतातच पसरून वाळवतो. ते वेळेत उचलायलाच हवं.

मला त्या खरखरीचा राग यायचा. गेल्या वर्षी मी डिजिटल रेडिओ आणला. तो चांगला आहे, हे आजही म्हणेन. आवाज असा की निवेदिका ओटीवर येऊन बसलीय. काटा फिरवायची कटकट नाही, केंद्राचं नाव पट्टीवर दिसतं. आईला भजनातला शब्दन् शब्द पहिल्यांदा कळला. फक्त, जुना रेडिओ केंद्राची लहर क्षीण झाली तरी कण्हत का होईना बोलत राहायचा; हा एकदम गप्प होतो.

शेजारचे काका म्हणाले, “शिकलेल्या पोरीचा रेडिओ हाय बाबा, खोकत पन नाय!”

बाबा हसले. मग मला म्हणाले, “समदं ठीक हाय. पन याच्यात कडकड कुठं ऐकायची?”

मी काकांसमोर मोठ्याने हसले. “बाबा, रेडिओ खराब होता म्हणून खरखरायचा. त्यावरून कोणी पाऊस सांगतं का?” आणि त्याच आठवड्यात त्यांना न विचारता जुना रेडिओ भंगारवाल्याला देऊन टाकला.

कापणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा घरी आले. “जुना कुठं ठेवलास गं? जरा ऐकून बघतो.”

“माळ्यावर असेल. नंतर काढते,” मी म्हटलं. बाबा शेतावर परत गेले. नव्या रेडिओवर स्वच्छ गाणी चालली होती. दिवस कलताना डोंगरामागून विजा कडाडत पाऊस आला. सगळं भात पाण्यात. चार दिवसांत दाण्यांना मोड फुटले.

काका विचारायला आले तेव्हा बाबा म्हणाले, “या वक्ताला माझाच अंदाज चुकला.” मी तिथंच उभी होते. गप्प राहिले.

ते गप्प राहणं वर्षभर पुरलं. यंदा भात पिकून उभं होतं. ज्या माणसाने शेतीतलं कधी कुणाला विचारलं नाही, तो काकांच्या देखत मला विचारत होता, “आज कापू का गं?”

तेव्हा मी बोलले. “बाबा, जुना रेडिओ माळ्यावर नव्हता. मी भंगारात दिला होता. आणि ती कडकड म्हणजे लांबची वीज. जुन्या रेडिओत ती आवाजाबरोबर शिरते, नव्यात ती ऐकू येत नाही. माझ्या पुस्तकात होतं हे. परीक्षेत लिहिलं होतं मी.”

बाबा माझ्याकडे वळले. “मंग त्या दिशी हसलीस कशाला गं?”

तुमच्या तोंडून आलं होतं म्हणून. हे खरं उत्तर. ते मला देता आलं नाही. काका उगाच विळ्याची धार बघू लागले.

“चुकलं माझं,” मी म्हटलं.

“बरं. कापू का नको, तेवढं सांग.”

“मला नाही कळत, बाबा. तुम्ही सांगा.”

बाबांनी डोंगराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सांगितलं मात्र काहीच नाही.