आधी देव, मग शमुवेलकाका

दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही चर्चची सात-आठ कुटुंबं कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थनेला जमतो. आता माणसं जमली की किस्से साठणारच. पाळकसाहेब म्हणतात वचनं पाठ करा, आमची पोरं किस्से पाठ करतात. त्यातले निम्मे शमुवेलकाका आणि मार्थाकाकींचे. काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, शब्दाचे पक्के. 'आधी देव' हे त्यांचं पालुपद.

*

कोल्हापुरात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांग लागते आणि नेमके त्याच वेळी आम्ही चर्चमध्ये! काकांचा नियम ठरलेला, "आधी देव, मग मटण." त्यामुळं त्यांच्या वाट्याला कायम हाडकं. एकदा उपदेश फारच लांबला. बायकांच्या बाकावरून मार्थाकाकींचा आवाज आला, "पाळकसाहेब, देव थांबतोय वो. खाटीक न्हाय थांबत."

त्या दिवशी उपासनेचा शेवटचा आशीर्वाद फार लवकर मिळाला.

*

शेजारच्या पाटलांनी एकदा दोघांना जेवायला बोलावलं. ताटं वाढली आणि काका डोळे मिटून बसले. देवाचे आभार सुरू झाले ते पाटलांचा ऊस, म्हैस, सून अशा सगळ्यांवरून फिरत राहिले. पांढऱ्या रश्श्यावर साय धरली. पाटील घाबरून काकींना हळूच म्हणाले, "वैनी, पावणं रुसलं का? काय कमी-जास्त झालं?"

"न्हाय वो. ह्यांचं आमेन अजून गगनबावड्यात हाय. यील हळूहळू."

*

मग काकी विसरायला लागल्या.

एका शुक्रवारी प्रार्थना त्यांच्याच घरी होती. चहात साखरेऐवजी मीठ पडलं. पहिला घोट काकांनी घेतला, "उपकार, देवा" म्हणाले आणि कप रिकामा केला. मग आमची काय बिशाद? सगळ्यांनी मुकाट्यानं संपवला. पाळकसाहेबांनी तर "झकास" म्हटलं, म्हणून काकींनी त्यांना परत कपभर दिला! बाहेर येऊन आम्ही खूप हसलो, पण फाटकापर्यंतच.

*

डॉक्टरांनी सांगितलं, हे आता वाढतच जाणार. त्याच सुमाराला मी काकांना स्कूटरवरून घरी सोडलं. फाटकाशी ते थांबले.

"सगळं विसरू दे तिला. मला तेवढं विसरू नये."

"मग मागा की देवाकडं. शुक्रवारी सगळे मिळून मागू."

"जन्मभर आधी देव म्हटलं. आता आधी मी म्हणू व्हय?"

मला त्यांचा राग आला. खरं सांगतो, देवाचाही आला.

*

प्रार्थनेआधी प्रत्येकानं सांगायचं, आज कुणासाठी मागायचं, अशी आमची पद्धत आहे. काका कायम दुसऱ्यांची नावं सांगत. कुणाची परीक्षा, कुणाचं ऑपरेशन. स्वतःचं कधीच नाही.

गेल्या महिन्यात सगळे आमच्या घरी जमले होते. काकांनी नेहमीप्रमाणं कुणाच्या तरी नोकरीसाठी मागायला सांगितलं. तेवढ्यात त्यांच्या शेजारी बसलेल्या काकींनी हात वर केला. कित्येक महिन्यांत त्या सभेत एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

"ह्या पावण्यांसाठी मागा," काकांकडं बोट दाखवून त्या म्हणाल्या. "रोज मला न्हाऊ घालत्यात, वेणी घालत्यात, घास भरवत्यात. लई भला माणूस. पर चोरून रडत्यात. ह्यांच्या घरचं कोणतरी लई आजारी असणार."

माझ्या बायकोनं कसंबसं विचारलं, "काकी, ह्यांचं नाव काय सांगायचं?"

"ते न्हाय इचारलं, बाई. देवाला ठावं असंल की."

एवढं बोलून काकींनी डोक्यावर पदर घेतला आणि स्वतःच प्रार्थना सुरू केली. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, हात जोडले आणि मान खाली घातली.