घर, गृह, सदन, निकेतन

आमचा घडा फाटकाबाहेर, गटाराच्या झाकणावर उपडा ठेवलेला होता. आतलं पाणी रस्त्यावर ओतून दिलेलं. शेजारी कंपाउंडला टेकवून काहीतरी चौकोनी, गुजराती पेपरात गुंडाळलेलं. मी कागद फाडला. आमचाच फोटो. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. आमच्या सगळ्यांच्या बापाचा.

मागे टेम्पो उभा. त्यात आमचा सगळा संसार. अप्पा ड्रायव्हरशेजारी, आई मागे गाद्यांवर बसलेली. ड्रायव्हर ओरडला, "बेन, सामान उतारवानो छे के नहीं?"

घरमालकीण काकू फाटकाच्या आत उभ्या होत्या. आतून कडी. ती त्यांनी काढली नाही.

"अगं, माझं काही नाही गं. पण आमचं देवघर त्याच भिंतीला लागून आहे. तू आधी सांगायला हवं होतंस."

"काय सांगायला हवं होतं?"

त्यांनी फोटोकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. मग अगदी मायेनं म्हणाल्या, "शनिवारचा वर्ग मात्र सोडू नकोस हं. त्याचा ह्याच्याशी काय संबंध?"

हे जुन्या काळातलं नाही. बडोद्याच्या सुभानपुऱ्यात, आत्ता, फोनवर बोट दाबलं की भाजी दारात येते त्या दिवसांत घडलंय.

अप्पा रेल्वेत खलाशी होते. भुसावळकडून बडोद्याला आले आणि इथलेच झाले. मी क्वार्टरमध्येच वाढले, मराठीत एम.ए. केलं, समा भागातल्या एका शाळेत शिकवते. अप्पा रिटायर झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. मुदत वाढवून घेतली, तीही संपत आलेली. घर मिळेना.

काकूंच्या घरी मी वर्षभर दर शनिवारी मराठीचा वर्ग घेत होते. काकूंचं घराणं मूळ दांडिया बाजारातलं. सासऱ्यांचे वडील संस्थानात मोठे अधिकारी. आता सुभानपुऱ्यात बंगला, पाटीवर संगमरवरात कोरलेलं 'निकेतन'. त्यांना एकच दुःख होतं. आपल्या लोकांची मुलं घरातसुद्धा गुजराती आणि इंग्रजी बोलतात. म्हणून दिवाणखान्यात वर्ग काढला आणि शिकवायला मला बोलावलं. माझं बोलणं ऐकून काकू मुलांच्या आयांना सांगायच्या, "काय शुद्ध वाणी आहे हो हिची! आपल्यातलीच आहे."

माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' लागणारं. शुद्ध बोलते, कर लावते, म्हणजे आपल्यातली. त्यांनी मनाशी हिशेब केला आणि मोकळ्या झाल्या. मला कधी विचारलं नाही. मी बौद्ध आहे हे लपवलं नव्हतं. पण मी होऊन बोललेही नव्हते, ते 'आपल्यातली' कानाला गोड लागत होतं. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

एका शनिवारी 'घर' हा शब्द घेतला. मुलांनी समानार्थी सांगितले. गृह, सदन, आलय, निवास. निकेतन तर दारावरच होतं. मग मी म्हटलं, रोजच्या बोलण्यात कुठे कुठे येतो, सांगा. एक पोरगी म्हणाली, "आजोबांच्या चष्म्याचं घर." दुसरी म्हणाली, "बुद्धिबळात घोडा अडीच घरं जातो." कुणी म्हणालं, लग्नाला सगळं घर आलं होतं. कोपऱ्यात झोपाळ्यावर बसलेल्या काकू म्हणाल्या, "आणि चांगल्या घरची मुलगी! आमच्या बाईंसारखी." सगळे हसले. मीही हसले.

त्याच दिवशी काकूंनी खालच्या दोन खोल्या देऊ केल्या. "वणवण कशाला करतेस? तू घरचीच आहेस." किल्लीसुद्धा हातात दिली. दिवसही त्यांनीच काढला. बडोद्यात राहून मराठी घरांनाही गुजराती रीत लागलीय, सामान न्यायच्या आधी नव्या घरात पाण्यानं भरलेला घडा मुकायचा, म्हणजे ठेवायचा. "सोमवारी घडा मूक, गुरुवारी सामान आण," काकू म्हणाल्या.

आम्ही असलं काही करत नाही. पण काकूंचं मन राखायचं म्हणून आईनं नवा घडा आणला, भरला, कोपऱ्यात ठेवला. मग पिशवीतून फोटो काढला. भिंतीवर खिळा होताच. आईनं पदरानं काच पुसली आणि फोटो लावला. आमची रीत हीच. नव्या घरात आधी तो, मग आम्ही. काकूंच्या रीतीशेजारी आमची रीत. आईला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

दोन्ही रीती गुरुवारी रस्त्यावर होत्या.

टेम्पो परत क्वार्टरला नेला. रात्री अप्पा मला म्हणाले, "बाई, फोटो पेटीत ठेवू. घर मिळालं, चार महिने झाले, की मग लावू. छप्पर महत्त्वाचं."

आई म्हणाली, "पेटीत मला घाला."

अप्पा रडले. रेल्वेत उभा जन्म गेला त्यांचा, मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. त्यांना दोष कसा देऊ? पण संताप आला, भयंकर आला. माझ्या बापाला स्वतःच्या बापाचा फोटो लपवावासा वाटला, ते त्या बाईनं करून ठेवलं होतं.

शनिवारी मी वर्गाला गेले. काकूंनी हसून दार उघडलं. जणू काही झालंच नाही! वरून चहाचं विचारलं. मी नको म्हटलं. मुलं बसली, मागे त्यांच्या आया.

"मागच्या वेळी 'घर' शब्द घेतला," मी म्हटलं. "एक वाक्य राहिलं. लिहा. 'आम्ही या लोकांना घर देत नाही.'"

मुलांनी मान खाली घालून लिहिलं. चष्म्याच्या घरवाली पोरगी म्हणाली, "कोणत्या लोकांना, टीचर?"

"मला. माझ्या आईला, अप्पांना. आम्ही बौद्ध आहोत म्हणून. काकूंनी."

झोपाळा थांबला. "मुलांसमोर कसलं गं हे! लाज नाही वाटत?"

"वाटते. एक वर्ष 'आपल्यातली' ऐकून घेतलं, त्याची वाटते."

एका आईनं पोरीच्या वहीवर बोट ठेवलं. "खोड ते. खोड आधी." दुसरी फोनमध्ये बघत बसली. मी खडू ठेवला, चपला घातल्या आणि निघाले. पोरगी खोडरबर शोधत होती.

क्वार्टरची मुदत महिनाअखेर संपतेय. काल एक दलाल भेटला. म्हणाला, घर पक्कं आहे, फक्त फोटो दर्शनी लावू नका. मी त्याला तिथल्या तिथे परत पाठवला. आता मी भाडं विचारायच्या आधी सांगते, आम्ही कोण ते. दारं बंद होतात, होऊ देत. पुढच्या दारातून मी आत जाईन तेव्हा फोटो माझ्या हातात असेल, आणि कागदात गुंडाळलेला नसेल.