वरच्या खोलीचं छत

माणूस आणि आकाश यांच्यामध्ये काही उरलं नाही, की माणूस अंतर्मुख होतो. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी वादळानं आमच्या वरच्या खोलीच्या छताच्या टिना उचलून नेल्या, तेव्हा ही संधी घरातल्या तिघांनाही मिळाली. अंतर्मुख कोणी झालं नाही. बायको कूलरवर ताडपत्री टाकायला धावली, मी गाद्या ओढल्या आणि वडील जिन्यात उभे राहून ओरडत होते, "आधी माहा रेडिओ काढ ना गा!"

खोली वडिलांची. ते विणकरांच्या घरात वाढले, दिवसभर मागाच्या खटखटीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी खालची स्लॅबची गार खोली नाकारली आणि वरची टिनाची मागून घेतली. नागपूरच्या उन्हाळ्यात टिनाखाली राहणं म्हणजे शिक्षा, पण त्यांचा हिशेब पावसाळ्याचा होता. पाऊस आला की ती खोली वाजते, आणि त्या आवाजात त्यांना झोप लागते. आता ते हॉलमधल्या दिवाणावर पाहुण्यासारखे अंग चोरून झोपत होते. तक्रार नव्हती. फक्त रोज सकाळी चहाबरोबर एक प्रश्न असायचा, "पाण्याच्या आधी होईन ना रे?"

गृहकर्ज घेताना बँकेनं घराचा विमाही गळ्यात मारला होता. मी तो पहिल्यांदाच वाचला. वादळ त्यात बसत होतं. कंपनीच्या मुलीनं फोनवर सांगितलं, की ठेकेदाराकडून खर्चाचा अंदाज घ्या, आमचा सर्व्हेअर येऊन पाहील, तोवर कशालाही हात लावू नका. मी हे जसंच्या तसं घरात सांगितलं.

पहिला ठेकेदार रामदासपेठेतल्या ऑफिसातून गाडी घेऊन आला. त्यानं हातात गुळगुळीत कागदाचं पुस्तक दिलं. त्यात एका विमानतळाचा फोटो होता. तो त्यांनी बांधला होता का, हे कुठे लिहिलं नव्हतं. आमच्या बारा बाय चौदाच्या खोलीला तो 'प्रोजेक्ट' म्हणत होता आणि टिनेला 'रूफिंग सोल्यूशन'. वर काही तो चढला नाही. क्लेमचं काम आहे हे ऐकल्यावर मात्र त्याचा चेहरा लग्नघरासारखा उजळला. "मग तुम्ही कशाला टेन्शन घेता सर? चांगल्यातलंच लावू. पावसाच्या आधी बाबूजी आपल्या खोलीत. माझी गॅरंटी."

दुसरा हिंगण्याकडचा, कारखान्यांचे शेड करणारा. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्यामुळे पहिली काही वाक्यं समजलीच नाहीत. तो भिंतीवर चढला, उरलेल्या लोखंडी पाइपांना लाथा मारल्या आणि वरूनच म्हणाला, "कोन्या गाढवानं बांधलं होतं जी हे?" बांधून घेणारे वडील खाली उभे होते. मी विम्याचं सांगितलं.

"मग? टिन तर तेच लागन ना."

"म्हणजे भाव तोच?"

"क्लेम भेटो का न भेटो, भाव तोच. पण मी लगेच येऊन नाही राहिलो. हातातली दोन कामं झाली की येतो. मधात पाणी आलं तर आलं."

मला दोघांचाही राग आला. एकाचा गोड बोलण्यामुळे, दुसऱ्याचा गोड न बोलण्यामुळे. विमा हा शब्द उच्चारला की समोरच्याला वाटतं, हे पैसे कुणाचेच नाहीत. ज्याला तसं वाटत नव्हतं, त्याला नेमका वेळ नव्हता.

सर्व्हेअर यायच्या दिवशी मी सकाळीच बाजारात गेलो. परत आलो तेव्हा वरची खोली लख्ख होती. फरशी फिनाइलनं पुसलेली, पलंगावर धुतलेली चादर, कोपऱ्यात दोन खुर्च्या. वादळानं अंगणात नेऊन टाकलेल्या वाकलेल्या, फाटलेल्या टिना भंगारवाला हातगाडीवर घालून घेऊन गेला होता.

"कशालाही हात लावू नका म्हटलं होतं ना?"

"दुरुस्तीला हात लावू नका, असं," बायको म्हणाली. "झाडू नका असं कोण म्हणतं? अहो, बाहेरचा माणूस घरात येणार अन् त्याला उकिरडा दाखवायचा?"

सर्व्हेअर आला. सभ्य माणूस होता. त्यानं पोहे खाल्ले, मग वर जाऊन खोलीच्या मधोमध उभा राहिला. त्यानं फरशी पाहिली, पलंग पाहिला, खुर्च्या पाहिल्या.

"छत नाही, हे दिसतंय," तो शेवटी म्हणाला. "पण होतं, हे कसं दाखवणार?"

विमानतळवाला ठेकेदार मुद्दाम हजर होता. त्यानं मला जिन्यात नेलं. "घाबरू नका सर. सायेबांना उद्या परत बोलवा. माझ्या दुसऱ्या साइटवर अशाच मोडक्या टिना पडल्या आहेत. रात्रीतून आणून टाकतो."

मी लगेच 'नाही' म्हणालो नाही. जून तोंडावर होता. तेवढ्यात खालच्या पायरीवरून वडिलांचा आवाज आला.

"कोनाच्या टिना आनून राहिला हा?"

"दुसऱ्या पार्टीच्या आहेत, बाबूजी. त्यांचा क्लेम पास झाला."

"म्हंजे त्याईच्या छतावर दोनदा पैसे काढतं?" वडील कठडा धरून वर आले आणि सरळ खोलीत गेले. "सायेब, खाली काहून पाहता? वर पाहा ना जी."

सर्व्हेअरनं मान वर केली. टिना अडकवायचे पाइपांवरचे लोखंडी आकडे जागच्या जागी होते आणि प्रत्येक आकड्यात टिनेची एकेक फाटकी पट्टी अडकून वाऱ्यावर हलत होती. बायकोचा झाडू तिथवर पोचला नव्हता. सर्व्हेअरनं फोटो काढायला सुरुवात केली.

त्या रात्री मी वडिलांना विचारलं, कोणाला काम द्यायचं. रामदासपेठवाला अजूनही पावसाच्या आधी करून द्यायला तयार होता.

"त्या लाथा मारणाऱ्याले सांग," ते म्हणाले.

"तो पावसाआधी येईलच असं नाही."

"तसं त्यानं सांगतलं ना? मंग झालं." आणि ते दिवाणावर भिंतीकडे तोंड करून झोपले.

पहिले दोन पाऊस त्यांनी हॉलमध्ये काढले. मग हिंगण्याचा ठेकेदार आला, आधीच्या बांधणाऱ्याला पुन्हा शिव्या घातल्या आणि सांगितलेल्याच भावात छत घालून गेला. विम्याचे पैसेही थोडी काटछाट होऊन आले. वडील वर राहायला गेले.

नवीन छत एका कोपऱ्यात गळतं. तिथे त्यांनी बादली ठेवली आहे. गळती विम्यात बसत नाही, हे मी कंपनीला फोन करून विचारून घेतलं.