कानात बोळे घालणारी पोट्टी

फोन स्पीकरवर ठेवून बोलणारी माणसं माझ्या डोक्यात जातात. आपल्या साळ्याने प्लॉट घेतला की नाही, त्याच्या बायकोचं माहेरी काय बिनसलं, हे सगळ्या ऑफिसला कळलंच पाहिजे असं या लोकांना का वाटतं, देव जाणे. आमच्या ऑफिसात असा एक नमुना माझ्या शेजारीच बसतो. आम्ही त्याला भैया म्हणतो. तो विक्री बघतो आणि मी बिलं करते. ऑफिस पंडरीच्या कापड बाजारात, एका होलसेल दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. आम्ही शेतीचे मोटारपंप विकतो.

स्पीकर बंद असला की भैया रील्स बघतो. आवाज पूर्ण मोठा. तेच तेच खोटं हसू दिवसभर कानावर आदळत राहतं. एसी अगदी खाली नेऊन ठेवतो आणि स्वतः स्वेटर घालून बसतो. डबा उघडला की, "दीदी, आज अचार नहीं लाए?" असं विचारत बोटं थेट माझ्या डब्यात. लोणचं द्यायला माझी ना नाही. पण आधी हात धू ना बाबा!

समोरच्या टेबलावर तक्रारींचे फोन घेणारी पोरगी बसते. ऑफिसचा लँडलाइन तिच्याकडे असतो. गिऱ्हाइकाचा फोन नसला की हिच्या कानात ते इयरफोन खुपसलेलेच. दोनदा हाक मारली तरी मान वर नाही. तिसऱ्यांदा एक कान मोकळा करून म्हणणार, "हां दीदी, बोलिए." काम करते चोख, पण मला त्या कानातल्या बोळ्यांचा भयंकर राग यायचा. वडील इथलेच, बोलणं हिंदीत, मध्येच होकाराला छत्तीसगढीतलं "हव." त्यामुळे मी तिच्यासमोर मराठीत वाट्टेल ते बोलायची. ऑफिसात दुसरं कोणी मराठी नव्हतं. मराठी म्हणजे माझी बंद खोली होती.

आणि मला त्या खोलीची गरज होती, कारण मी रोज जेवणाच्या सुट्टीत आईला फोन करायची.

आम्ही दोघीच राहतो, गुढियारीत. बाबा रेल्वेत होते म्हणून वर्ध्याकडून इथे छत्तीसगढात आलो आणि इथलेच झालो. बाबा गेल्यावर आईचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग देवाचे दिवे, मग घराचा रस्ता. ती एकदा मालधक्क्यापर्यंत चालत गेली होती, तिथल्या हमालांनी तिला परत आणून सोडलं. तेव्हापासून मी बाहेरून कुलूप लावून ऑफिसला जाते. सकाळ-संध्याकाळ एक बाई येते, दुपारी शेजारची काकू खिडकीतून डोकावते. तरी कुलूप ते कुलूपच. जन्मदात्या आईला कोंडून ठेवते, असं कोणी तोंडावर म्हणालं तर काय उत्तर देऊ, हे मला अजून सुचलेलं नाही.

ऑफिसात मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आमचा करार वर्षावर्षाचा. मागे एका बाईचा मुलगा आजारी होता, ती सारखी फोनवर असायची. साहेबांनी तिचा करार वाढवला नाही. "घर का टेंशन घर में रखो," एवढंच म्हणाले. माझाही करार संपायचा महिना जवळ आला होता. आईची औषधं, घरी येणारी बाई, घरभाडं, सगळं याच नोकरीवर चालतं.

आईचा फोन मोठ्या बटणांचा आहे. एक दाबलं की मला लागतो, दोन दाबलं की ऑफिसला. ती स्वतःहून कधी करत नसे. मीच करायची. जेवली का, गोळी घेतली का आणि मुख्य म्हणजे गॅस. मी सकाळी रेग्युलेटर बंद करून निघायची, पण उभा जन्म स्वयंपाकघरात गेलेल्या बाईला तो चालू करायला शिकवावं लागतं का? म्हणून थर्मासात चहा भरून ठेवायची आणि फोनवर तिला त्याची आठवण द्यायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिच्याशी बोलत राहा. रोज रोज बोलणार तरी काय? म्हणून मी तिला ऑफिसातले किस्से सांगायची. भैयाच्या लोणच्याचे, आणि समोरच्या पोरीचेही. "एक पोट्टी बसते समोर, कानात बोळे घालून. आईनं काही वळणच लावलं नाही वाटते." आई खळखळून हसायची. "आज काय केलं वं तिनं?" असं दुसऱ्या दिवशी आपणहून विचारायची. सकाळी काय खाल्लं ते तिला आठवत नसे, पण बोळेवाली आठवायची. मग मीही तिखटमीठ लावून सांगायची. मी फोन लावला की समोरची पोरगी एका कानातला बोळा काढायची, हे मी पाहिलं होतं. माझ्या आवाजाचा हिला त्रास होतो की काय, असं वाटून माझ्या कपाळावर आणखी एक आठी चढायची.

मग भैयाच्या रील्सनी घात केला. अभनपूरचा एक डीलर जळलेल्या मोटारीची तक्रार घेऊन आला होता. तो बिचारा तावातावाने बोलत होता आणि भैयाच्या फोनमधून ते खोटं हसू चालूच. साहेब केबिनमधून बाहेर आले. दुसऱ्या दिवसापासून नियम आला. सकाळी आल्याबरोबर सगळ्यांनी आपापले फोन साहेबांच्या केबिनमधल्या स्टीलच्या डब्यात टाकायचे, जेवणाच्या सुट्टीत घ्यायचे आणि परत टाकायचे. चूक एकाची आणि शिक्षा सगळ्यांना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण करार आठवून गप्प बसले. सुट्टीत फोन मिळतो ना, मग झालं, असं स्वतःला समजावलं.

तो दिवस सकाळपासूनच वाकडा होता. आदल्या संध्याकाळी आईनं थर्मास फोडला होता. शेजारची काकू लग्नाला गावी गेली होती. निघताना आई माझ्यामागे दारापर्यंत आली. "मले चहा कोण देईन?" म्हणाली. संध्याकाळी येते मी, असं सांगून मी कुलूप लावलं. आतून ती बराच वेळ काहीतरी बोलत होती.

जेवणाची सुट्टी झाली आणि मी केबिनपाशी गेले. दाराला कुलूप. साहेब त्याच अभनपूरच्या डीलरकडे गेले होते आणि किल्ली त्यांच्या खिशात.

"अरे, साहब तो चाबी ले गए!" भैया हसला. फोन आतल्या डब्यात वाजत होते. त्यात माझाही होता की काय, कळायला मार्ग नव्हता.

मी वळले तोवर भैयाने पोरीच्या टेबलावरचा लँडलाइन आपल्याकडे ओढला होता. साळ्याला फोन. तोही स्पीकरवर.

"भैया, मुझे एक जरूरी फोन करना है," मी म्हणाले.

"बस दीदी, दो मिनट."

प्लॉटच्या कोपऱ्यात विजेचा खांब होता आणि तो खांब कोणी हलवायचा यावर त्या दोघांचं चाललं होतं. मी तिथे उभी राहिले. डोळ्यांपुढे गॅसची शेगडी. माझी आई घरात कोंडलेली आहे, फोन ठेव, असं ओरडावंसं वाटलं. ओरडले असते तर संध्याकाळपर्यंत साहेबांच्या कानावर गेलं असतं. पोरगी माझ्याकडे टक लावून बघत होती. तिचंही बघणं मला सहन होईना.

मी जिना उतरून खालच्या कापड दुकानात गेले. शेठजी ओळखीचे, त्यांनी काही न विचारता मोबाइल हातात दिला. मी आईचा नंबर लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्तच. आई कोणाला फोन करते? ती तर कोणालाच करत नाही. फोन नीट न ठेवता कुठे पडली तर नसेल? पर्स वर राहिली होती, रिक्षाला पैसे हवेत, म्हणून मी तशीच जिना चढून धावले.

दारातच मला मराठी ऐकू आलं.

"आजी, मले ऐका. आधी शेगडीचं बटन बंद करा. केलं? आता सिलिंडरवरचं. ते काळं, फिरवायचं. फिरवलं का? लाइट लावू नोका. पंखा पण नाही. खिडकी उघडा, दोन्ही."

पोरगी टेबलापाशी उभी होती, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून. दोन्ही कान मोकळे. भैया साळ्याचा फोन ठेवून तिच्याकडे बघत बसला होता.

"वास येऊन राहिला का अजून? खिडकीतच बसा मग, तिथून हलू नोका." आईनं तिला काहीतरी विचारलं असावं. मग म्हणाली, "हव आजी. मीच ते. कानात बोळे घालणारी."

माझे कान तापले. रिसीव्हर तिच्या हातातून घेताना मला तिच्याकडे बघवेना.

"आई, मी बोलते. बरी आहेस ना?"

"तू काहून आली मधात?" आई म्हणाली. "मी दोन दाबलं, त्या पोरीशी बोलून राहिली. तिले दे."

मी दिला. पोरगी रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाली, "दीदी, आप जाइए. मी आजीले बोलत ठेवते."

मी पर्स उचलली आणि रिक्षाने घर गाठलं. कुलपाला किल्ली लागेना. आई खिडकीशी स्टुलावर बसली होती, फोन कानाला लावून. शेगडीवर दूध उतू जाऊन ज्योत विझली होती, वास अजून रेंगाळत होता. तिला चहा हवा होता, एवढंच. मी तिला धरून रडले. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि फोनकडे बोट दाखवून म्हणाली, "ही पोरगी चांगली आहे. तुह्यासारखी वसकन अंगावर येत नाही."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं, कुलपासकट. भैयासमोर घडल्यावर लपवण्यासारखं उरलंच काय होतं? साहेबांनी ऐकून घेतलं. गरज पडेल तेव्हा लँडलाइन वापरायची परवानगी दिली, कराराचं नंतर बघू म्हणाले. ते नंतर अजून आलेलं नाही. सिलिंडर मी आता कपाटात कुलपात ठेवते. घरात आणखी एक कुलूप वाढलं.

सुट्टी झाल्यावर पोरीने लँडलाइन उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि फोन परत मिळताच कानात घातलेले इयरफोन काढून शेजारी ठेवले.

"तुला मराठी येतं, कधी बोलली नाहीस," मी म्हणाले. रागानेच म्हणाले. पकडलं गेल्यावर मला आधी राग येतो.

"पूछा ही नहीं आपने," ती म्हणाली. मग शब्द शोधत, "आई भंडाऱ्याची होती. पप्पांना येत नाही. आई गेली, तेव्हापासून घरी कोणी बोलत नाही."

आईनं काही वळणच लावलं नाही वाटते. माझंच वाक्य मला आठवलं. तिनेही ते ऐकलं होतं, एकदा नाही, पुष्कळदा.

"मग रोज माझं सगळं ऐकायचीस?"

"आप फोन लगाते थे ना, तो गाना बंद करती थी." ती खाली बघत होती. "जेवली का, गोळी घेतली का. मेरी मम्मी भी ऐसेच पूछती थी."

भैया डबा उघडून माझ्या लोणच्याची वाट बघत बसला होता. मी नंबर लावला. घंटी वाजली. आईनं उचलला आणि नेहमीसारखं विचारलं, "आज काय केलं वं त्या बोळेवालीनं?"

मी फोन दोघींच्या मध्ये सरकवला आणि स्पीकर चालू केला.