हळद काळी केली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही. स्वतःचीच किळस येते, एवढंच.

पाचोऱ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे; लग्न-हळदीचे फोटो काढतो. दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारण्यापासून वर आलो. भावात कुणाला हार गेलो नाही, अपमान कुणाचा विसरलो नाही. धुळ्याच्या एका फोटो प्रदर्शनात तिथला जाणकार चारचौघांत म्हणाला होता, "या, हळदीवाले! इथे कला असते, वऱ्हाड नसतं." सगळे हसले. मीही हसलो — आणि आतून पेटलो. आजही पेटतो. पण त्या माणसाचं मी काय वाकडं केलं? काहीच नाही. केलं ते भलत्याच माणसाचं.

जवळच्या खेड्यात एक हळद होती. नवरदेवाच्या आईला सगळे अक्का म्हणत. बायकांनी तिलाच धरून हळदीनं माखलं. ती इतकी हसली की डोळे मिटले, तोंड वासलं, हात छातीवर गेला. मी नेमका तेव्हा फोटो काढला. रंगीत.

मग तो संगणकावर काळापांढरा केला. त्यात एकेक रंग वेगळा गडद करता येतो. मी पिवळा गडद केला — तोंडावरची हळद चिखलासारखी काळी झाली. सुरकुत्या खोल केल्या, मागचा मांडव अंधारात बुडवला. हसणारी बाई हंबरडा फोडायला लागली. खूप हसणारा आणि खूप रडणारा चेहरा किती सारखा असतो, ठाऊक आहे? मला ठाऊक होतं. म्हणून तर केलं. आणि नाव दिलं — 'मुलगा गेला तो दिवस'. त्याच मुलाच्या हळदीच्या दिवसाला!

धुळ्यात पहिलं बक्षीस मिळालं. तोच जाणकार म्हणाला, "काय वेदना पकडलीत!" मी नम्रपणे मान झुकवली. थू!

फोटो मोबाइलवरून गावात पोचला. अक्का एसटीनं दुकानात आली. चिडलेली नव्हती, घाबरलेली होती.

"भाऊ, मना आंडोर जित्ता शे ना! मी ते हासी ऱ्हायंती. रंगना फोटू दे, लोकस्ले दखाडसू."

मुलगा जिवंत आहे, आपण हसत होतो — एवढंच तिला गावाला दाखवायचं होतं. पण रंगीत फोटो बाहेर आला तर बक्षिसाची अब्रू जाणार. "अक्का, तो काळापांढराच काढलाय," मी म्हणालो. "रंगीत नाहीच." तिनं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

पुढे ती वारली. लग्नाच्या अल्बममध्ये ती सगळीकडे कामात — पाठमोरी, नाहीतर पदराआड. हळदीतले तिचे फोटो मी अल्बममधून आधीच काढून टाकले होते. मुलगा तिचा फोटो मागायला आला, तेव्हा तोच काळापांढरा फोटो मोठा करून चौकटीत बसवून दिला. पैसे घेतले नाहीत — केवढा दिलदार मी! तो पाया पडला. मी पडू दिलं. रंगीत फोटो तेव्हाही समोरच्या संगणकात होता. आजही आहे.

गेल्या महिन्यात तो आपल्या पोरीला घेऊन आला, शाळेसाठी फोटो काढायला. तिला म्हणाला, "आपली रडणारी आजी शे ना भितवर? याच काकासनी काढेल शे तिना फोटू."

पोरगी टक लावून माझ्याकडे बघत राहिली. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणालो, "हास बेटा."